थेंब मोजायला शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, आधी ट्रे लाव" म्हणून विषय बदलता, हे वॉर्डातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मला कामाला लावता येणार नाही. शिवाय नर्सिंगला येऊ पाहणाऱ्या एखादीच्या वाचनात आलं, तर तिचाही फायदाच होईल.

मी शिकायला आले तेव्हा देवावरचा विश्वास एवढंच माझं भांडवल होतं. मधे बरीच वर्षं शिक्षण सुटलेलं. वर्गातल्या मुली माझ्याहून कितीतरी लहान, त्यांचं पाठांतर ताजं, आणि मी आज पाठ केलेली हाडांची नावं उद्या विसरणारी. "हे काम मला देवानंच सांगितलंय," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. घरच्यांनी ते मान्य केलं, कॉलेजातल्या मॅडमनी ऐकून घेतलं. तुम्ही मात्र पहिल्याच पोस्टिंगला विचारलंत, "देवानं सांगितलं ते ठीक. श्वास किती सेकंद मोजायचे, ते कुणी सांगितलं का?"

राग आला होता, खोटं कशाला बोलू. तुम्ही नास्तिक असाल असंच मला वाटलं. तुमची श्रद्धा बघायची तर बेसिनपाशी उभं राहावं लागतं, हे कळायला वेळ गेला. साबणानं हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं. तेवढा वेळ तुमचे ओठ हलत असायचे. मला वाटायचं तुम्ही आकडे मोजताय. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणालात, "प्रार्थना करते. साबणाएवढीच आहे. घाईनं नळ बंद केला तर दोन्ही अर्धवट राहतात."

त्याच बेसिनपाशी तुम्ही सेमेलवाइसची गोष्ट सांगितलीत. १८४७ साली व्हिएन्नातल्या या डॉक्टरनं बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वरानं होणारे मृत्यू झपाट्यानं खाली आले. तरी बहुतेक सहकाऱ्यांना ते पटलं नाही. रोगजंतूंची कल्पना तेव्हा रुजलेलीच नव्हती. त्याच्या हातात आकडे होते, पण त्यांमागचं कारण सांगता येत नव्हतं. "न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायला लोक कचरतात," असं म्हणून तुम्ही हात पुसलेत आणि वर म्हणालात, "जंतू तरी कुठे दिसतात?" हा विनोद होता की शिकवण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

श्वास मोजायचा पूर्ण एक मिनिट. आणि पेशंटला न सांगता. सांगितलं की माणूस आपल्या श्वासाकडे लक्ष देतो आणि आकडा बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, बोटं तिथेच ठेवून नजर छातीकडे न्यायची. तुम्ही माझी बोटं धरून त्या आजींच्या मनगटावर ठेवलीत. आजींना वाटत होतं, पोरगी अजून नाडीच बघतेय. त्यांच्या चादरीवरची निळी रेघ वर-खाली होत होती आणि मी ती मोजत होते. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २०. आजींचा २६ आला. मला वाटलं माझंच चुकलं असणार, कारण बी.पी. ठीक होतं, ताप नव्हता, आजी तर माझ्याशी गप्पा मारत होत्या. तुम्ही स्वतः पुन्हा मोजलात, २६च. लगेच डॉक्टरांना कळवलंत. बाकीचे आकडे बिघडण्याच्या कितीतरी आधी श्वास बोलायला लागतो, आणि चार्टवर सगळ्यात जास्त अंदाजपंचे भरला जाणारा रकाना तोच असतो, हे तुम्ही मला त्या दिवशी दाखवलंत. तेव्हापासून प्रत्येक पेशंटच्या पुढे सलग '१८' लिहिलेला चार्ट दिसला की माझं डोकं फिरतं.

सलाइनचंही तसंच. ५०० मिली चार तासांत द्यायचं, सलाइनच्या नळीचे (सेटचे) २० थेंब म्हणजे एक मिली. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. मिनिटाला ४२ थेंब. हे गणित माझं कधीच सुटायचं नाही. कागद बघितला की हात-पाय गार पडायचे. तुम्ही वही बाजूला ठेवायला लावलीत, खुर्ची ओढून मला ड्रिप चेंबरसमोर, म्हणजे नळीतल्या थेंब पडताना दिसतात त्या पारदर्शक भागासमोर, बसवलंत आणि घड्याळ हातात दिलंत. सगळे १५ सेकंद मोजून चारनं गुणतात. तुम्ही पूर्ण मिनिट मोजायला लावलंत, कारण पंधरा सेकंदांत एक थेंब इकडचा तिकडे झाला की मिनिटाला चारांचा फरक पडतो. मी थेंबांचा वेग कमी-जास्त करणारा रोलर क्लॅम्प नखभर सरकवायचा, मोजायचं, परत सरकवायचा. गणित त्या चेंबरमध्ये सुटलं, वहीत नंतर उतरलं. तेव्हा मी काहीतरी पुटपुटत होते. तुम्ही म्हणालात, "देवाचं नाव घे, जरूर घे. पण मनात घे, तोंडानं आकडे म्हण."

औषधांच्या बाबतीत तर तुमच्यापुढे कुणाचं चालत नसे. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाचही सगळ्यांनाच तोंडपाठ असतात. लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, भरताना आणि देण्याआधी. पाठ असणं आणि रात्री तीन वाजता, कुणी बघत नसताना, तिसऱ्यांदा वाचणं यांत केवढं अंतर आहे, ते नाइट ड्यूटी केल्याशिवाय कळत नाही. इन्सुलिनला दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यायचं, म्हणजे घ्यायचंच. मिलीला १०० युनिट असलेल्या वायलमधलं, म्हणजे छोट्या बाटलीतलं, इन्सुलिन मिलीला ४० युनिटच्या सिरिंजनं, तिच्यावरच्या खुणा बघून भरलं तर डोस अडीचपट जातो. हे तुम्ही आम्हाला रिकाम्या सिरिंज शेजारी ठेवून दाखवलं होतंत. "देव सांभाळून घेईल" असं कुणी म्हणालं की तुम्ही चष्म्यावरून बघायचात, आणि बोलणारी गप्प व्हायची. तिसऱ्यांदा लेबल वाचायला लावतो तोच देव, असं तुम्ही मानता. माझीही आता हीच समजूत आहे. माझा देव तेवढ्यानं लहान झाला असं मला वाटत नाही, उलट कामाचा झाला.

फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधांच्या विषयात, मी नापास झाले ते दिवस तुम्हाला आठवत असतील. त्यात कंबर धरलेली. मी शिक्षण सोडायच्याच तयारीनं तुमच्याकडे आले होते. तुम्ही सांत्वन वगैरे काही केलं नाहीत. आधी मला पेशंटला वर सरकवताना गुडघ्यातून वाकायला आणि पलंग कमरेच्या उंचीला आणायला पुन्हा शिकवलंत, आणि मग पेशंटला सरकवायच्या गुळगुळीत चादरीच्या, स्लाइड शीटच्या, घड्या करता करता दोन बायकांबद्दल सांगितलंत.

पहिली फ्लॉरेन्स नाइटिंगेल, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणारी. तिचा दिवा सगळ्यांना माहीत, तिचं थांबणं कुणाला माहीत नाही. १८३७ साली देवानं आपल्याला सेवेसाठी बोलावलं, असं तिनं लिहून ठेवलंय. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. घरच्यांचा विरोध इतका की जर्मनीत कायझर्सवर्थला जाऊन रीतसर शिकायला तिला १८५१ उजाडावं लागलं. मधल्या वर्षांत ती रुग्णालयांचे अहवाल वाचत होती, टिपणं काढत होती.

दुसरी सिसली साँडर्स. ही मी कधी ऐकलीच नव्हती. नाइटिंगेलनं १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू केलेल्या शाळेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती शिकली. पाठीच्या दुखण्यानं तिला नर्सिंग सोडावं लागलं. मग ती रुग्णालयात समाजसेविका झाली. तिथे कॅन्सरनं मरणाऱ्या माणसांच्या वेदना तिला स्वस्थ बसू देईनात, म्हणून ती पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि १९५७ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाली. १९६७ साली तिनं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं घर, उभं केलं. ती पक्की श्रद्धाळू ख्रिस्ती, पण तिथे कुठल्याही धर्माच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या माणसाला दार उघडं होतं. तिचा आग्रह एकच: दुखणं परत उसळेपर्यंत थांबायचं नाही, वेदनाशामक औषध घड्याळाप्रमाणे आधीच द्यायचं. तुम्ही वेदनेच्या औषधाला पाच मिनिटंही उशीर का चालवून घेत नाही, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

"कंबर दुखते म्हणून तीही बाहेर पडली होती," एवढं बोलून तुम्ही राउंडला निघून गेलात. मी थांबले. पुस्तक पुन्हा उघडलं. औषधं नावांनी पाठ करणं सोडून, वॉर्डात ज्या पेशंटला जे चालू होतं त्याच्यावरून शिकायला लागले. पुढच्या वेळी पास झाले, काठावरच.

आणखी एका गोष्टीचे आभार, ज्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. सलग ड्यूट्या करून मी न जेवता उभी होते, वर कुणीतरी कौतुकानं 'देवदूत' म्हणालं होतं, म्हणून जरा हवेतही होते. तुम्ही डबा पुढे सरकवलात आणि म्हणालात, "देवदूताला जेवायची सुट्टी लागत नाही, म्हणून लोकांना तो शब्द आवडतो. तू बस आणि खा." सेवा आणि त्याग हे शब्द वापरून नर्सच्या माथी किती काम मारलं जातं, ते आता बघते तेव्हा तुमचा डबा आठवतो. भुकेली, झोप न झालेली नर्स तिसऱ्यांदा लेबल वाचत नाही. श्रद्धेनं रक्तातली साखर वाढत नाही.

वॉर्डातले एक काका गेले त्या रात्री मी पहिल्यांदा मृत्यूनंतरची शुश्रूषा केली. तुम्ही कोमट पाणी आणायला लावलंत. मी म्हणाले, आता त्यांना काय कळणार? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. "काका, आता हात पुसते हं," असं त्यांना सांगून एकेक बोट पुसलंत, कूस बदलताना "वळवतो आहोत" म्हणालात, जिवंत असताना म्हणायचात तसंच. नळ्या काढल्यात, केस विंचरलेत. मला प्रार्थना करावीशी वाटत होती. तुम्ही आधी त्यांच्या मुलाला विचारलंत, "तुमच्याकडे काय करतात? आम्ही काय करावं, काय करू नये?" त्यानं सांगितलं ते माझ्या रीतीहून निराळं होतं. आपण त्याच्या सांगण्याप्रमाणे केलं. माझी प्रार्थना मी नंतर केली, अर्थात बेसिनपाशी.

त्या आधी मी काही पेशंटना न विचारता देवाचं काही ना काही ऐकवायची, चांगल्या भावनेनंच. त्या रात्रीनंतर तुम्ही मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, आणि मला विचारायची सवय लागली. काहींना हवं असतं, काहींना नुसतं कुणी शेजारी बसलेलं हवं असतं, एका बाईंना फक्त खिडकी उघडून हवी होती.

आता कामाचं. माझ्या वॉर्डात विद्यार्थिनींची नवी तुकडी येते आहे आणि त्यांना शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मी चेंबरसमोर खुर्ची ठेवली आहे, दोन रिकाम्या सिरिंजही काढून ठेवल्या आहेत. पण चष्म्यावरून बघणं मला जमत नाही, मुली हसतात. तुम्ही निवृत्त झाल्यापासून दुपारी घरीच असता, असं कळलं. एक दिवस याल का? त्यांना बाकी काही शिकवू नका, फक्त श्वास मोजून दाखवा. तारीख तुम्ही सांगा, ड्यूटी मी बदलून घेते. जेवणाचा डबा या वेळी माझा.

तुमची,
काठावर पास झालेली विद्यार्थिनी