घर टांगले आहे विजेच्या तारेला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरकरांना साठवण शिकवायची गरज नाही. नळाला तीन-चार, कधी पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात हौद, टाकी, पिंप, घागर जे मिळेल ते भरून ठेवणे अंगवळणी पडले आहे. तरीही सलग दहा दिवस वीज नाही, नळ नाही आणि एकही दुकान उघडे नाही अशी वेळ आली, तर बहुतेक घरे तिसऱ्या दिवशी अडतील. माल असूनही अडतील. हौदात पाणी असेल, पण ते वर चढणार नाही. कोठीत ज्वारी असेल, पण गिरणी बंद असेल. गच्चीवर सोलर असेल, पण पंखा फिरणार नाही. खात्यात पैसे असतील, पण मोबाईलला रेंज नसेल. घरातली एकेक गरज आपण नकळत विजेच्या तारेला टांगून ठेवली आहे.

अशी वेळ येतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी मार्च २०२० आठवावा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला, तेव्हा लांबोटीजवळ पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्गच थांबला होता. रस्ता थांबला की दूध, भाजी, सिलिंडर, औषधे सगळेच थांबते. म्हणून पाच माणसांच्या घराने दहा दिवसांची तयारी कशी करावी, याचे नेमके हिशेब या पत्रात देत आहे.

पाण्यापासून सुरुवात करतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, भांडी, अंग पुसणे आणि संडासाला माणशी दहा लिटर धरा. उन्हाळ्यात यापेक्षा कमी धरू नये. पाच माणसांना दहा दिवसांचे साडेसातशे लिटर होतात, त्यातले अडीचशे पिण्याचे. हा आकडा ‘नळाची एक पाळी चुकली तर’ असा विचार करून काढला आहे, कारण पाळी चुकली की दोन पाळ्यांमधले अंतर दुप्पट होते.

जमिनीखालच्या हौदातले पाणी मोटरीशिवाय काढण्याची सोय आजच करून ठेवा. दोरी-बादलीने पाणी निघते, पण प्रत्येक वेळी झाकण उघडे राहते, हात-दोरी बुडते आणि लहान मुलांचा धोका असतो. त्यापेक्षा हौदावर छोटा हातपंप बसवावा. हौद दोन-अडीच मीटर खोल असतो, त्यामुळे साधा ओढीचा पंप सहज चालतो. हे पंप ऐनवेळी पाणी ओढत नाहीत, त्याचे कारण आतला चामड्याचा वायसर. न वापरता तो वाळून आकसतो आणि कडेने हवा घेतो. महिन्यातून एकदा वरून तांब्याभर पाणी ओतून दहा-बारा वेळा दांडा मारला की तो ओला राहतो. एक जादा वायसर पंपालाच बांधून ठेवावा. बोअरवर भरवसा ठेवू नये. सबमर्सिबल मोटर सुरू होताना जो झटक्याचा करंट ओढते, तो घरातल्या इन्व्हर्टरला पेलत नाही.

पिंप कशाचे आहे हे विचारल्याशिवाय विकत घेऊ नये. आपल्याकडे चादरी-टॉवेलांच्या धंद्यामुळे रंग आणि रसायनांचे निळे ड्रम भंगारात स्वस्त मिळतात. ते कितीही घासले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन हळूहळू पाण्यात उतरते. वापरायला, झाडांना घ्या, पिण्याला नको. दुसरे, दोनशे लिटरचे भरलेले पिंप म्हणजे दोनशे किलो वजन. माळवदावर किंवा बाल्कनीच्या टोकाला असे पिंप ठेवणे म्हणजे संकटाच्या आधीच संकट ओढवून घेणे. ते जमिनीवर, भिंतीला लागून असावे.

आरओ मशीनचे पाणी साठवण्याची चूक अनेक शिकलेल्या घरांत होते. आरओ पाण्यातले क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे ते पाणी साठवणीत लवकर बिघडते. साठवायचे ते नळाचे, क्लोरीन असलेले. शंका वाटली तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरावी. हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण, पावडर चांगली म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची असेल तर. घरात पिंपापुरता एक ग्रॅम मोजणे जमत नाही, म्हणून एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम पावडर ढवळावी, पावडरीतला चुना खाली बसू द्यावा आणि वरच्या निवळीतले शंभर मिलिलिटर दोनशे लिटरच्या पिंपात टाकावे. अर्ध्या तासाने पाणी वापरावे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवा, निवळलेले पाणी दुसऱ्या पिंपात घ्या आणि मग टीसीएल टाका. उलटे केले तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. डब्याचे झाकण उघडे राहिले की पावडरीचा जोर उडतो. वास गेलेली पावडर फेकून द्यावी. ती संडासच्या ॲसिडजवळ ठेवू नये, दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो.

साठवलेल्या पाण्याबरोबर डेंगी येतो, हे या शहराला सांगायला नको. पण केवळ पाणी ओतून टाकल्याने तो जात नाही. डासाची अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. कडा घासल्याच पाहिजेत. चांगले पाणी फेकवत नसेल तर पिंपाच्या तोंडावर सुती धोतराचे दुहेरी कापड ताणून बांधावे, सैल नको.

आता धान्य. पाच माणसांना दहा दिवस, माणशी रोज चारशे ग्रॅम धरून वीस किलो धान्य, साडेतीन किलो डाळी-कडधान्ये, दीड लिटर तेल, दोन किलो शेंगदाणे, दीड किलो गूळ आणि किलोभर मीठ लागते. दुष्काळात सरकारी कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे मंगळवेढे आपल्या जिल्ह्यात आहे आणि तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे, तेव्हा ज्वारीचे महत्त्व मी वेगळे सांगत नाही. सांगायचे ते तिच्या पिठाबद्दल. पीठ दळून साठवता येत नाही. दाणा फुटला की त्यातल्या तेलाला हवा लागते आणि उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत पीठ कडवट होते. बाजरीचे तर त्याआधीच. म्हणून धान्य दाण्यातच ठेवावे आणि वीज नसताना दळण्याची सोय हवी. माळ्यावरचे जाते खाली काढा. पाळू, म्हणजे जात्याचा दगड, गुळगुळीत झाली असेल तर ते दळत नाही, नुसते भरडते. पाथरवटाकडून तिला छिन्नीने टाके मारून घ्या. जाते नसेल तर ज्वारीच्या घुगऱ्या आणि कण्या खायची तयारी ठेवा.

यावरचा सर्वांत चांगला उपाय सोलापूरच्या घरोघरी आहे, तो म्हणजे कडक भाकरी. इंधन नको, पाणी नको, शिजवणे नको. पाच माणसांना माणशी रोज तीन धरल्या तर तीन दिवसांच्या पंचेचाळीस भाकरी होतात, आणि पहिल्या तीन दिवसांचा गोंधळ त्यावर निभतो. भाकरी पातळ थापावी, नेहमीसारखी भाजून मग मंद आचेवर टेकवून तिच्यातली वाफ पूर्ण जाईपर्यंत वाळवावी. मधोमध बोटाने दाबून पाहावे. जरा जरी लवचिक लागली तरी ती दोन-तीन दिवसांत बुरसते आणि शेजारच्या भाकरीही नासवते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी, नाहीतर झाकणाला घाम सुटतो. सोबत शेंगाचटणी असतेच, पण साठवणीच्या चटणीत ओला लसूण घालू नये, खाताना घ्यावा. भाजी मिळणार नाही, म्हणून हुलगे आणि मटकीला मोड आणावेत. सांडगे, वाळलेली गवार, चिंच, लिंबाचे लोणचे यांना आपल्या आज्यांनी उगाच जागा दिलेली नव्हती.

धान्य भरताना दाणा दाताखाली ‘कट’ वाजला पाहिजे. खात्री करायची तर कोरड्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य ओले आहे, अजून ऊन द्या. उन्हातून काढलेले धान्य तसेच गरम कोठीत भरले तर रात्री आत पाणी सुटते आणि तिथूनच बुरशी व सोंडे सुरू होतात. कोठी फरशीवर न ठेवता फळीवर ठेवा. डाळींना एरंडेल चोळा, ज्वारीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला.

आणि इथे हात जोडून एक विनंती. धान्यात टाकायच्या त्या गोळ्या, अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, कुणी कितीही आपुलकीने दिल्या तरी घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो दाराखालून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपेतल्या माणसांना मारतो. त्याला उतारा नाही. त्या गोळ्या गोदामात, प्रशिक्षित माणसाने वापरायच्या असतात. राहत्या घरात, त्यातही झोपायच्या खोलीत पोती ठेवून त्यांत गोळी टाकणे म्हणजे मुलांच्या उशाशी विष ठेवणे आहे. पोरकिडे पडलेले धान्य चाळून, ऊन देऊन खाता येते.

इंधनात मी एकच आग्रह धरतो: दुसरे सिलिंडर नेहमी भरलेले असावे, आणि पहिले संपले की त्याच दिवशी नोंदणी करावी. इंडक्शन संकटात निरुपयोगी आहे. गॅस पुरवायचा तर कडधान्य रात्रभर भिजवा. भात किंवा भिजवलेली मूगडाळ पाच मिनिटे खळखळून उकळली की झाकण घट्ट लावून पातेले टोपलीत, दोन सोलापुरी चादरींत गुंडाळून पाऊण तास ठेवा. आतल्या वाफेवर शिजते. उघडल्यावर लगेच खावे. कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवलेले अन्न बाधते. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये. तिचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही.

विजेबाबत सर्वांत मोठा गैरसमज गच्चीवरच्या सोलरचा आहे. सध्या बहुतेक घरांवर बसतात ते ऑनग्रिड संच, आणि महावितरणची लाइन गेली की ते मुद्दाम बंद होतात. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था असते आणि ती योग्यच आहे. लाइन नसतानाही वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. नवा संच बसवणाऱ्यांनी हे आधीच विचारावे.

ज्यांच्याकडे साधा इन्व्हर्टर आहे त्यांचा हिशेब असा. १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी, वर इन्व्हर्टरची घट. हातात साडेसातशे उरतात. कमी विजेचे बीएलडीसी पंखे दोन, नऊ वॉटचे तीन दिवे आणि राउटर मिळून शंभर वॉट होतात, म्हणजे साडेसात तास. तेच पंखे जुने, ७५ वॉटचे असतील तर चार तास. पुढची रात्र काढायची तर ती बॅटरी भरायला दीडशे वॉटचे दोन पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर पुरतो, पावसाळी ढगांत मात्र निम्मीच भरेल असे धरा. बॅटरीत नळाचे पाणी घालू नका. आपल्या पाण्यातले क्षार तिच्या प्लेटा खातात.

सोलापूरचा मे महिना म्हणजे ४४ अंश. पंखा नसताना घरातल्या म्हाताऱ्यांना आणि बाळांना आधी जपावे लागते. उन्हाने अंगातले पाणी कमी झाले तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, एवढे पाठ असू द्या. मीठ यापेक्षा जास्त नको. इन्सुलिनसाठी एका मडक्यात दुसरे लहान मडके, मध्ये ओली वाळू, वर ओले फडके. कुपी पाणी न लागेल अशा डब्यात आत ठेवावी. आपल्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात हे उत्तम गारवा धरते, पावसाळ्यात तेवढे नाही. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी आणायची सवय सोडून पंधरा दिवस पुढचा साठा ठेवा. दहा, वीस, पन्नासच्या सुट्या नोटा, सेलवर चालणारा रेडिओ आणि महत्त्वाचे नंबर वहीत लिहिलेले. सेल रेडिओत घालून ठेवू नका, ते पाझरतात.

हे सारे जमले की एका रविवारी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत मेन स्विच बंद ठेवून पाहा. घरात ऑक्सिजन मशीनवरचा रुग्ण असेल तर हा प्रयोग करू नका. फ्रीजमधले इन्सुलिन शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवा. त्या चोवीस तासांत पंप ओढतो का, जाते फिरते का, रात्री बाळ झोपते का, हे दिसेल तसे लिहून काढा.

आपल्या दैनिकाला एक मागणे आहे. पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक जेव्हा छापाल, त्याच चौकटीत टीसीएलचे, मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण आणि १०८, ११२, वीज तक्रारीचा १९१२ व गॅसगळतीचा १९०६ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावेत. मोबाईल बंद पडल्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलेले तेवढेच कात्रण वाचता येईल.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर