फॉर्म १०सी भरण्याआधी

महोदय,

नोकरी सुटली की पीएफ काढायला लोक सायबर कॅफे गाठतात. फॉर्म १९ भरून झाला की समोरचा विचारतो, "१०सीपण टाकू का?" दोन पैसे जास्त मिळतात म्हणून बहुतेक जण हो म्हणतात. फॉर्म १९ने फक्त पीएफ निघतो. १०सीने पैसे घेतले की कर्मचारी पेन्शन योजनेतली सगळी सेवा पुसली जाते आणि पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के या योजनेत जातात. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेनुसार हे महिन्याला १,२५० होतात, आणि त्यांवर पीएफसारखे व्याज चढत नाही. नऊ वर्षांत भरले जातात १,३५,०००. १०सीने हाती येतात साधारण तेवढेच. हीच सेवा पेन्शनला लागणारी दहा वर्षे झाली, तर योजनेच्या सूत्राने १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे वयाच्या ५८पासून दरमहा २,१४३ रुपये, तहहयात. सव्वापाच वर्षांत तेवढे पैसे वसूल होतात. पुढे पेन्शनर वारला तर निम्मी पेन्शन जोडीदाराला. सहा महिने किंवा अधिक सेवा पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे साडेनऊ वर्षेही चालतात. पण बिनपगारी दिवस वजा होतात, म्हणून अगदी काठावर राजीनामा देऊ नये.

नवी नोकरी असेल तर त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ क्रमांकावर) खाते ट्रान्सफर करावे. नंतर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसले तरी घाबरू नये: तिथे रक्कम सरकत नाही, सेवा सरकते. लगेच नोकरी नसेल तर त्याच १०सीवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली सेवा शाबूत ठेवणारे प्रमाणपत्र, मागता येते. कळकळीने सांगावेसे वाटते ते हेच, कारण सात-आठ वर्षे भरलेल्या कामगारालाही हा पर्याय कुणी सांगत नाही. दोन वर्षे काम करून कायमची शेती धरणाऱ्याने पैसे घेतले तर त्यात गैर काही नाही.

ट्रान्सफर अडकते ती बहुधा तारखांमुळे. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीखच टाकलेली नसते. ती शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीने स्वतः टाकता येते. पण जुन्या नोकरीची शेवटची तारीख नवीच्या रुजू तारखेच्या पुढे गेली, तर दुरुस्तीचा व्याप मागे लागू शकतो. म्हणून गेटपास परत करण्याआधीच एचआरकडून तारीख लेखी घ्यावी आणि महिनाभराने पोर्टलवर तीच चढली का, ते पाहावे.

– एक वाचक, पिंपरी-चिंचवड