खोक्यावर मिग-21 बिस, आत मिग-21 एमएफ : एक तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘मिग-21 बिस’ या लढाऊ विमानाच्या 1/48 प्रमाणातल्या प्लॅस्टिक मॉडेलच्या किटमध्ये दुसऱ्याच आवृत्तीचं धड निघाल्याबद्दल

संदर्भ : माझी आधीची तक्रार आणि तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर (दोन्हींच्या प्रती व खरेदीची पावती सोबत)

महोदय / महोदया,

माझ्या आधीच्या तक्रारीला तुमच्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं. भाग नीट बसणं हे जुळवणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतं, ही पहिली ओळ. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन, ही दुसरी. भाग बसत नाहीत अशी माझी तक्रार नव्हतीच. भाग छान बसतात, पण ते ज्या विमानाचे आहेत ते विमान खोक्यावर छापलेलं नाही. आधीचं पत्र बहुधा कुणी शेवटपर्यंत वाचलं नाही, म्हणून हे दुसरं.

सुरुवातीलाच सांगते, मी कुरकुऱ्या ग्राहकांपैकी नाही. पंखाच्या मुळाशी फट राहिली तर पुट्टी भरायची, साच्याची रेघ दिसली तर खरवडायची, सांधा घासताना पॅनेल लाइन (पत्र्यांचे जोड दाखवणारी कोरीव रेघ) पुसली गेली तर पुन्हा कोरायची. हे सगळं आम्ही हौसेनेच करतो आणि त्यासाठी कुणी कंपनीला पत्रं लिहीत बसत नाही. शिवाय जे चांगलं आहे ते चांगलंच म्हणायला हवं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 7.15 मीटर, म्हणजे 1/48 मध्ये 149 मिलिमीटर. तुमच्या किटचे पंख मी व्हर्नियरने मोजले, ते बरोबर 149 भरले. खोदीव पॅनेल लाइन बारीक आणि सगळीकडे सारख्या खोलीच्या आहेत. चाकांच्या खोबणीतलं काम तर मला फारच आवडलं. साचा ज्याने केला त्याला हे विमान नीट माहीत होतं. फक्त त्याने केलं होतं ते मिग-21 एमएफ.

तुमच्या प्रतिनिधीला हा फरक किरकोळ वाटला असावा, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. मिग-21 हजारोंच्या संख्येने बनलं आणि बनत असताना सतत बदलत गेलं. लांबून बघणाऱ्याला सगळी एकसारखीच वाटतात : नाकाच्या तोंडात शंकू, त्रिकोणी पंख, मागे आडवं शेपूट. पण आवृत्ती ओळखायची असेल तर त्याची पाठ बघायची. सुरुवातीच्या एफ-13 या आवृत्तीची पाठ सडपातळ होती. पुढे कॉकपिटच्या मागचा कणा जाड होत गेला, कारण त्यात इंधनाची टाकी आली. एसएमटी या आवृत्तीमध्ये तो इतका फुगला की विमानाला कुबड आल्यासारखं दिसतं. 1972 पासून बनायला लागलेल्या बिसमध्ये मधला मार्ग काढला : कणा एसएमटीइतका नाही, पण एमएफपेक्षा स्पष्टपणे भरलेला, आणि तो भरलेपणा मागे शेपटीच्या मुळापर्यंत टिकून राहतो. एमएफचा कणा मागे जाताना बारीक होतो. इंजिनही बदललं, आर-13 च्या जागी आर-25 आलं, पण ते धडाच्या आत दडलेलं असतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना दिसते ती पाठच.

तुमच्या किटमधली पाठ मागे बारीक होते.

हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला, आणि तेवढी चूक माझी. खोकं उघडल्या दिवशीच धडाचे दोन्ही भाग बाजूच्या आराखड्यावर ठेवून बघायला हवे होते. पण खोक्यावर नाव ठळक, चित्रातलं विमान बिसच, डिकलही (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि अक्षरं) बिसचेच. कॉकपिट रंगवलं, वैमानिकाच्या केएम-1 आसनाला शिशाच्या पातळ पत्र्याचे पट्टे केले, पुढच्या चाकाच्या खोबणीत तांब्याच्या बारीक तारेची नळजोडणी केली, धड चिकटवलं, सांधा घासला, प्रायमर मारला. सूचनांचे बारीक डिकल कुठे बसवायचे हे बघायला 1/48 मध्ये छापलेला आराखडा शेजारी ठेवला, तेव्हा आराखड्यातली पाठ एकीकडे आणि हातातली पाठ दुसरीकडे. आधी वाटलं आराखडाच चुकीचा असेल. मग विमानांचे फोटो काढून बसले. दोन रात्री त्यातच गेल्या.

तिसऱ्या रात्री कचऱ्यात टाकायला काढलेल्या सी फ्रेमकडे, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले येतात त्यातल्या ‘सी’ चौकटीकडे, लक्ष गेलं. या फ्रेमच्या कडेला एक छोटी पट्टी आहे. किटचं नाव सहसा तिथे उमटवलेलं असतं, इथे ती पट्टी खरवडून सपाट केल्यासारखी दिसते. विजेरीचा उजेड तिरका पाडला तर खरवडलेल्या जागी दोन अक्षरं अजून वाचता येतात : एम आणि एफ. फोटो सोबत जोडला आहे. साच्यावरचं नाव आपोआप झिजून इतकं सपाट होत नाही. कुणीतरी हत्यार घेऊन बसून ते काढलंय. जुना साचा वापरण्यात काही गैर नाही, सगळेच वापरतात. पण नाव खोडायला ज्याला वेळ मिळाला त्याला आतलं विमान कोणतं हेही ठाऊक होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार आहे.

‘एवढ्या छोट्या मॉडेलमध्ये फरक नगण्य असतो,’ असं तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं होतं. त्याचा ढोबळ हिशोब मी करून ठेवलाय. एमएफमध्ये सुमारे 2650 लिटर इंधन मावतं, बिसमध्ये सुमारे 2880. फरक 230 लिटरचा. 1/48 मध्ये घनफळ 48 च्या घनाने, म्हणजे 1,10,592 पटीने कमी होतं. 230 लिटरचे उरतात दोन घन सेंटिमीटर. दोन घन सेंटिमीटर पुट्टी प्लॅस्टिकच्या पाठीवर थापून बघा म्हणजे नगण्य कशाला म्हणतात ते कळेल. मी थापून पाहिली, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

आता माहितीपत्रकाबद्दल, कारण त्याने त्रासात भर घातली. चौथ्या पायरीत नाकातला शंकू चिकटवून धड बंद करायला सांगितलंय. नाकात वजन भरायची सूचना येते अकराव्या पायरीत, पोटाखालच्या इंधन टाकीच्या चित्राशेजारी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. वरातीमागून घोडं! पत्रक आधी पूर्ण वाचावं हे मला कळतं, वाचलंही होतं, पण ती ओळ भिंगाशिवाय दिसण्यासारखी नाही. धड बंद झाल्यावर विमान चाकांवर टेकवून बघितलं तर ते शेपटीवर बसलं. मग पुढच्या चाकाच्या खोबणीचं छत आतून भोक पाडून उघडलं. दोन संध्याकाळी खपून नळजोडणी केली होती तीच ही खोबण. तिथून शिशाच्या गोळ्या आत सोडल्या आणि इपॉक्सीने पक्क्या केल्या. पत्रकात वजन ‘कोणत्याही गोंदाने’ बसवा असं लिहिलंय, ते कृपा करून काढून टाका. शिसं पांढऱ्या डिंकात बसवलं तर काही वर्षांत त्यावर रासायनिक क्रिया होऊन ते फुगतं आणि नाकाचा सांधा आतून उकलतो. नवशिक्या माणसाला हे कोण सांगणार? मॉडेल कपाटात ठेवल्यावर चार-पाच वर्षांनी चीर दिसेल, तेव्हा तुमचं पत्रक त्याच्या हाताशीही नसेल.

त्याच पत्रकात कॉकपिट फिकट राखाडी रंगवायला सांगितलंय. या विमानांच्या कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग ज्याने एकदा पाहिलाय तो विसरत नाही. पत्रकात कॉकपिटचं पारदर्शक छत डावीकडे उघडलेलं दाखवलंय. एफ-13 चं छत पुढच्या बाजूला बिजागरीवर उघडायचं, पण पीएफएम या आवृत्तीपासून पुढच्यांचं वैमानिकाच्या उजव्या हाताला उघडतं. मी डावीकडची बिजागरी कापून उजवीकडे बसवली. हे दोन मुद्दे मी एरवी पत्रात लिहिलेही नसते. पण पत्रक करणाऱ्याने विमानाचा एक फोटो तरी बघितला होता का, ही शंका येते.

पारदर्शक भाग इतर फ्रेमसोबत एकाच पिशवीत होते, त्यामुळे छतावर ओरखडे. बारीक पॉलिश पेपर आणि पॉलिशच्या लेपाने ते गेले. पुढच्या काचेतली चीर मात्र कशानेही जात नाही. डिकल पाण्यात पडताच तुकडे झाले. उरलेल्यांवर आधी चकचकीत व्हार्निशचा एक हात देऊन ते वाचवले. म्हणजे निम्मे वाचले.

तर पाठ. सगळं टाकून द्यावं असं वाटलं होतं, पण कॉकपिटवर गेलेले तास डोळ्यांसमोर होते. इपॉक्सी पुट्टीचे थर चढवत गेले. एक थर, एक रात्र वाळवण, मग घासणं, मग आराखड्यावरून कापलेला पुठ्ठ्याचा साचा पाठीवर आडवा धरून बघणं. सहा ठिकाणी असे साचे केले. सर्वांत अवघड गेला तो कॉकपिटच्या मागचा भाग. तिथे भरलेली पाठ छताच्या मागच्या कडेशी जुळायला हवी, आणि छत तर एमएफच्या पाठीसाठी केलेलं. त्या कडेवर तीनदा पुट्टी चढवली, तीनदा खरवडली. मग पाठीवरच्या सगळ्या पॅनेल लाइन पुन्हा कोरायच्या. पुट्टी आणि प्लॅस्टिक यांचा कठीणपणा वेगळा असल्यामुळे कोरणीचं टोक सांध्यावर आलं की हटकून घसरतं. जाड चिकटपट्टी कडेला लावून, दाब न देता आठ-दहा वेळा हलक्या हाताने ओढलं तर रेघ सरळ येते, आणि हे शिकेपर्यंत दोन रेघा वाकड्या गेल्याच. या कामात तीन आठवडे गेले. पाठ आता बिससारखी दिसते. जवळून बघितलं तर डाव्या बाजूला ती किंचित जास्त भरलेली आहे. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मला मात्र रोज दिसते.

मला कौशल्य शिकवणाऱ्या तुमच्या प्रतिनिधीला हे मुद्दाम सांगतेय. कौशल्य होतं म्हणून ही दुरुस्ती झाली. पहिलंच किट घेतलेल्या एखाद्या पोराला आपण काय जोडलं हे कधी कळणारही नाही. तो शेल्फवर ‘मिग-21 बिस’ अशी पाटी लावून एमएफ ठेवेल आणि पाहुण्यांना तेच सांगेल.

कूपन मी परत करते आहे, मला ते नको. बिसच्या खऱ्या धडाचे दोन भाग तुमच्याकडे असतील तर ते, नवीन पारदर्शक भाग आणि नवीन डिकलचा कागद पाठवा. बिसचं धड तुम्ही कधी बनवलंच नसेल, आणि खरवडलेली पट्टी बघता मला तसंच वाटतं, तर किटची पूर्ण रक्कम परत करा. यापुढच्या खोक्यांवर एमएफ असं लिहा, किंवा निदान आतल्या धडाबद्दल एक खरी ओळ छापा. एमएफ म्हणून हे किट उत्तम आहे, त्या नावाने विकलंत तरी लोक घेतील. मीही घेईन. पत्रकात वजनाची सूचना चौथ्या पायरीच्या आधी आणा. नवीन पत्रक छापेपर्यंत खोक्यात एक चिठ्ठी टाकलीत तरी चालेल.

उत्तर लेखी द्यावं आणि ते किटच्या साच्यांची माहिती असलेल्या माणसाने द्यावं, ही विनंती. सी फ्रेम मी जपून ठेवली आहे. तपासणीसाठी हवी असल्यास पाठवते. टपालखर्च तुमच्याकडे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, आधीचा पत्रव्यवहार, सी फ्रेमवरच्या पट्टीचा फोटो, आराखड्यावर ठेवलेल्या धडाचे दोन फोटो, न वापरलेलं कूपन