९२ हजारांची गर्दी एका रात्रीत जमत नाही

महोदय,

आपल्या क्रीडा पुरवणीत नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक आल्याची चौकट वाचली. ‘अमेरिकेत काय वाट्टेल ते होतं’ हा तिचा सूर मात्र पटला नाही. मी निवृत्त क्रीडाशिक्षिका, सध्या मुलाकडे ओमाहाला असते. ३० ऑगस्ट २०२३ च्या त्या संध्याकाळी मी विद्यापीठाच्या लिंकन शहरातल्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये होते. मैदानाच्या मधोमध कोर्ट मांडलेलं, आम्ही पार वर. तिथून चेंडू लिंबाएवढा दिसत होता. शेजारी सत्तरीचे एक शेतकरी, अंगात लाल टी-शर्ट. समोरच्या संघाची सेटर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी) पुढच्या रांगेत आली की ‘आता तिच्याकडे दोनच स्मॅशर’ असं बायकोला सांगायचे. रोटेशन, म्हणजे खेळाडूंच्या जागा फिरण्याचा क्रम, इतकं तोंडपाठ असलेला प्रेक्षक मी आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेतही पाहिला नाही!

हे लोक घडायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. शिक्षणात, आणि म्हणून शाळा-विद्यापीठांच्या खेळांतही, मुलींना डावलायचं नाही, हा अमेरिकेचा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ चा. इथला संघ उभा राहिला १९७५ मध्ये. १९७७ ला टेरी पेटिट प्रशिक्षक म्हणून आले ते १९९९ पर्यंत टिकले. (गृहस्थ कविताही करतात.) राज्याच्या सार्वजनिक टीव्हीवर सामने दिसू लागले, गावोगावच्या मुलींना हा खेळ आपला वाटू लागला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९५ चं, तेही मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे जिथे १८९५ मध्ये व्हॉलीबॉलचा जन्म झाला त्याच राज्यात. पुढे जॉन कुक यांनी प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी, २००० मध्ये, एकही सामना न हरता दुसरं मिळवलं. मग २००६, २०१५, २०१७. २००१ पासून घरच्या सामन्यांची तिकिटं संपलेलीच असतात.

जॉर्डन लार्सन नेब्रास्कातल्याच हूपर नावाच्या चिमुकल्या गावातली. इथेच खेळली, टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या महिला इनडोअर व्हॉलीबॉल संघाला पहिलं सुवर्ण मिळालं तेव्हा स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

चौकटीत या गर्दीला महिलांच्या खेळातला ‘जागतिक विक्रम’ असं ठामपणे म्हटलं आहे, तिथे जरा हात राखायला हवा होता. १९७१ मध्ये मेक्सिकोतल्या महिला फुटबॉलच्या अंतिम सामन्याला लाखाहून जास्त प्रेक्षक होते, असं म्हणतात. ती स्पर्धा फिफाची नव्हती, म्हणून ती गर्दी मोजायचीच नाही का?

आणखी एक. त्याच चौकटीत कुक अजूनही प्रशिक्षक असल्यासारखा उल्लेख आहे. ते २०२५ च्या सुरुवातीला निवृत्त झाले. त्यांच्या जागी डॅनी बुसबूम केली आल्या आहेत. त्या नेब्रास्कातल्याच, आणि २००६ च्या विजेत्या संघात लिबेरो (मागच्या रांगेत बचाव करणारी खेळाडू) होत्या. एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ओमाहा (नेब्रास्का)