बाबांच्या अडकलेल्या बिलाबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमच्या भाषांतराचं बिल कंपनीत अडकलंय ना, मग 'पैसे मागायचे कसे' हा संकोच आधी सोडा. कंपनीत बहुतेक वेळा कुणी मुद्दाम पैसे दाबून बसलेलं नसतं, बिल भलत्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये पडलेलं असतं. भाषांतर मागवणारे साहेब वेगळे आणि पैसे सोडणारे अकाउंट्सवाले वेगळे. बिल दोघांना एकाच ईमेलने पाठवा. त्यावर परचेस ऑर्डरचा (कंपनीने काम देताना काढलेल्या लेखी ऑर्डरचा) नंबर, पॅन, बँक खातं, आयएफएससी आणि देय तारीख हवीच. ऑर्डरचा नंबर नसला की बिल बाजूला पडतं आणि तसं कुणी कळवतही नाही.

देय तारखेच्या तीन दिवस आधी एक ओळ टाका: 'सदर रक्कम कोणत्या तारखेच्या पेमेंटमध्ये धरली आहे?' 'पैसे कधी देणार' विचारलं की 'बघतो' म्हणतात. वरच्यासारखं विचारलं की तारीख सांगावी लागते. फोनवर सांगितली, तर तीच लगेच ईमेलवर लिहून पाठवा.

आई, वहीत लिहिताना एक लक्षात ठेव. 60,000च्या बिलावर 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला आयकर) कापला तर खात्यात 54,000च येतील. ती थकबाकी नव्हे. ते 6,000 आयकर खात्याच्या वेबसाइटवर बाबांच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात (आजवरचा फॉर्म 26एएस) दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर मात्र भांडायचं.

आता खरं हत्यार: उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यावसायिकांची सरकारी नोंदणी. फुकट होते, आधार आणि पॅन पुरतं. एजंटला एक रुपया देऊ नका. पुढच्या कामाआधीच ती करून घ्या आणि नंबर बिलावर छापा. 2006च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे पैसे द्यायची मुदत लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15. हे दिवस काम स्वीकारल्यापासून मोजतात, म्हणून 'मिळालं, ठीक आहे' एवढं ईमेलवर मागून घेत जा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटून बिल मार्चअखेर थकलं, तर कर मोजताना कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. मार्चमध्ये अकाउंट्सवाले उद्यम नंबराला दबकून असतात ते त्यामुळेच.

तरी नाही दिले, तर सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणारं सरकारी मंडळ) ऑनलाइन अर्ज करता येतो. तोवर त्यांचं नवं काम घेऊ नका, आणि नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आधी.

शनिवारी व्हिडिओ कॉलवर नोंदणी करू. आधारला जोडलेला मोबाइल चार्ज करून ठेवा, ओटीपी त्यावरच येतो.

तुमची,
लेक