माझी वाटी संपेपर्यंत उठू नको

कोल्हापूर

प्रिय सुभाष,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ‘सुटलास बाबा एकदाचा’ हे तुझं वाक्य वाचून गलबलून आलं, पण उत्तराला बसलो की हात थांबायचा. सुटल्यासारखं वाटत नाही, हे तुला कसं सांगू?

गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर 30 रेडिएशन झाली, सहा आठवडे. रोज चेहऱ्यावर जाळीचा पांढरा मुखवटा घट्ट बसवायचे, मान हलू नये म्हणून. शेवटच्या दिवशी तो मलाच दिला. घरी आणून कपाटावर ठेवला आणि त्या रात्रीपासून झोप उडाली. इतके दिवस रोज कुणीतरी मला बघत होतं. आता कोण बघणार?

तोंड अजून नीट उघडत नाही. उभी तीन बोटं आत जायला हवीत म्हणतात. सकाळी आरशापुढं आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरतो. आधी 8 मावायच्या. परवा तेरावी गेली! जबडा ठणकत होता, तरी हिला हाक मारून दाखवली. लाळ मात्र सुटत नाही, रेडिएशननं ग्रंथीच सुकल्या. भाकरी भुशासारखी तोंडात फिरते. तांबडा रस्सा लागला की जिभेची आग होते. पांढरा थोडा जातो, तोही मिरी न घालता केलेला.

तपासणी दर दोन महिन्यांनी असते. तिच्या आधीचे आठ दिवस फार वाईट. जीभ सारखी गालातली तीच जागा चाचपते. मग रंकाळ्यावर जाऊन अंधार पडेपर्यंत बसतो.

सुभाष, आपण एकाच चंचीतली तंबाखू वीस वर्षं मळली. तू तुझा गाल दाखवून घे. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तरी थांबू नको. मी चार महिने थांबलो, उगाच.

माझ्यामुळं घरात मटण शिजणंच जवळजवळ बंद झालंय. सगळे माझ्यापुढं भात-वरण खातात, आणि मला ते बघवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ये. हिला तांबडा करायला सांगितलंय. तू माझ्यासमोर बसून भुरके मारत खा. मला माझी पांढऱ्याची वाटी संपवायला अर्धा तास लागेल, तेवढा वेळ उठू नको.

तुझा,
विलास