आमच्या फळीवरचा डिस्को

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डिस्कोनंतरच्या नाचाच्या संगीतावरचा लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दांडगा आहे, पण ते कधी दुकानात गल्ल्यावर बसलेले नाहीत, हे पहिल्याच परिच्छेदात कळतं. 'आपल्याकडे मात्र पुढची दहा-पंधरा वर्षं अज्ञानापोटी सगळ्यालाच डिस्को म्हणत राहिले' असं ते लिहितात. त्या 'अज्ञान' शब्दासाठी हे पत्र.

मी 1983 ते 2001 सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात कॅसेटी भरून द्यायचं दुकान चालवलं. दोन डेक, एक रेकॉर्ड प्लेअर, एक स्टूल आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर लाल स्केचपेननं मी नावं लिहिली होती: डिस्को हिंदी, डिस्को इंग्लिश, डिस्को वरात, डिस्को गणपती, डिस्को नुसतं म्युझिक. आणि एक फळी होती, 'गड्ड्यातलं'. कारण जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की आठ दिवस गिऱ्हाईक येऊन एकच सांगायचं, "ओ मालक, होम मैदानावर पाळण्याजवळ लागलं होतं की ते, ढिच्च्याक ढिच्च्याक, ते द्या." गाण्याचं नाव नाही, गाणाऱ्याचं नाही. कुठं ऐकलं तेवढं ठाऊक.

आता शिकागोचं बघा. तिथं वेअरहाऊस नावाचा क्लब होता, फ्रँकी नकल्स तिथं 1977 पासून रेकॉर्डी लावायचा. त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन असंच विचारायची, म्हणून एका रेकॉर्डवाल्यानं खोक्यावर 'वेअरहाऊसमध्ये वाजतं ते' अशी चिठ्ठी लावली आणि पुढं तिचं नुसतं 'हाऊस' झालं, तेच त्या नाचाच्या संगीताचं नाव पडलं, असं तिथले जुने लोक सांगतात. आपले लेखक म्हणतात, हाऊस म्हणजे घरच्या घरी यंत्रांवर केलेलं. ही कथाही तिकडे सांगतात, नाही असं नाही. पण मला दुकानाचीच पटते, कारण तेच मी इथं करत होतो. नशीब आमचं असतं तर आज जग 'गड्डा म्युझिक'वर नाचलं असतं.

न्यूयॉर्कच्या 'गराज'चं तेच. लॅरी लेव्हन जिथं वाजवायचा तो पॅराडाईज गराज क्लब खरोखरच मोटारींच्या जुन्या गराजमध्ये होता, त्या जागेवरून संगीताला नाव. इटालियन लोकांच्या नाचाच्या गाण्यांना 'इटालो-डिस्को' हे नाव रूढ केलं एका जर्मन कंपनीनं, आपल्या संकलनांवर छापून छापून. डेट्रॉईटच्या पोरांची गाणी 1988 साली इंग्लंडमध्ये एकत्र निघायची होती तेव्हा आधी त्यांनाही हाऊसच म्हणणार होते. मग शिकागोपेक्षा वेगळं काहीतरी पाहिजे म्हणून वेष्टनावर 'टेक्नो' आलं. हा शब्द त्या पोरांतलाच हुआन अॅटकिन्स आधीपासून वापरत होता, पण जगभर गेला तो वेष्टनावरून. म्हणजे ही सगळी नावं गल्ल्यावर, खोक्यावर, वेष्टनावर ठरली. मग आमच्या गल्ल्यावर ठरलेलं नाव तेवढं अज्ञान कसं?

लेखात 12 जुलै 1979 ची हकिकत रंगवून दिली आहे: शिकागोचं कॉमिस्की पार्क मैदान, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे डिस्कोच्या रेकॉर्डींचं भरलेलं खोकं उडवलं, लोक मैदानात घुसले, यजमान संघाला दुसरा सामना गमवावा लागला. तिथून पुढे सगळं 'डिस्कोत्तर', असं त्यांचं म्हणणं. तिकडे ते ठीक असेल. डिस्कोसाठीचं वेगळं ग्रॅमी पारितोषिक 1980 मध्ये एकदाच दिलं गेलं, पुन्हा नाही. पण त्याच 1980 ला आपल्याकडे 'कुर्बानी' आला, एका गाण्यात बिद्दूचं संगीत आणि नाझिया हसनचा आवाज घेऊन. 1982 च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर'. तिकडे तेरावं, इकडे बारसं. त्यानंतर आमच्याकडे डिस्को लाईट आली, डिस्को दांडिया आला. 1979 च्या रेघेनं सोलापूरची फळी कशी लावायची?

खरा फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीनं, आणि त्यावर लेखात दोन ओळी आहेत. जुन्या डिस्कोत माणसं असायची: ड्रमवाला, व्हायोलिनवाल्यांचा ताफा, ब्रासवाले. विक्री पडल्यावर मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, मग छोट्या निर्मात्यांनी सिंथेसायझर आणि ताल वाजवणाऱ्या पेट्यांवर काम भागवलं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. दुकानाआधी मी इथल्या एका ऑर्केस्ट्रात साइड ऱ्हिदम वाजवायचो. आम्ही अकरा जण होतो. कीबोर्ड आणि तालाची पेटी आली आणि दोन हंगामांत पाच जण उरलो. मी त्या पाचांत नव्हतो, म्हणून दुकान. (मशीनच्या तालाला 'मागाचा खडखडाट' म्हणायचीही हौस लेखकांना आहे. माझे वडील मिलमध्ये कामाला होते. त्या खडखडाटानं कोणी नाचत नाही हो, कान जातात.)

आता चरणजित सिंग. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारा हा वादक. त्यानं 1982 मध्ये एचएमव्हीसाठी दहा रागांची रेकॉर्ड केली, रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर. त्यातली टीबी-303 ही चंदेरी पेटी खरं तर एकट्यानं वाजवणाऱ्याला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून काढलेली. त्या कामात ती साफ पडली, जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली, आणि शिकागोच्या पोरांनी तिचे कान पिळून 1987 ला तिच्यातून 'अॅसिड हाऊस' हा हाऊसचा नवा प्रकार काढला. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्या पेटीत होती, आणि आपल्या माणसाला तिच्यात मींड दिसली. 2010 मध्ये ती रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली आणि 'अॅसिड हाऊसचा जनक' म्हणून डंका पिटला गेला. आपल्या लेखकांनीही तोच पिटला आहे. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्या माणसाने स्वतः 'डिस्को' छापलंय, हे वाचायला कोणाला सवड नाही. शिकागोत ती कोणी ऐकली होती असंही कुठं दिसत नाही. मग बाप कसा? आणि त्याचा डिस्को डिस्को का नाही?

ही रेकॉर्ड माझ्याकडे आली होती. रेल्वेतल्या एका गिऱ्हाइकानं मुंबईहून आणली, त्याला भरून दिली आणि एक प्रत मी ठेवली, 'डिस्को नुसतं म्युझिक'च्या फळीवर. दोन वर्षांत एकच माणूस घेऊन गेला, आमच्याच भागातले गाण्याचे मास्तर. दुसऱ्या दिवशी परत. "काय बे, यमनला चावी दिलीय की काय कुणी?" पुढे कोऱ्या कॅसेटी संपल्या तेव्हा एका पद्मशाली पोराच्या बहिणीच्या लग्नासाठी तिच्यावरच तेलुगू गाणी भरली.

पुण्याच्या भाच्यानं परवा मोबाइलवर तो यमन लावला आणि विचारलं, "मामा, तुमच्याकडची कॅसेट कुठंय?" अशोक चौकाच्या बाजूला कुणाच्या तरी माळ्यावर असेल, पाठीवर माझ्या अक्षरात 'लग्न – तेलुगू' लिहिलेली.

आपला,
एक जुना कॅसेटवाला, साखर पेठ, सोलापूर

ता.क. नाव छापू नये. कॅसेटी भरून देणं कायद्यात बसत नव्हतं, हे तेव्हाही ठाऊक होतं.